टॉलिव्हरांच्या घरची टर्की

टॉलिव्हरांच्या घरात रेनेटा सून म्हणून आली त्याला सतरा वर्षं झाली होती, आणि दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला तिच्या वाट्याला बर्फ येत होता. बर्फाच्या चार पिशव्या आणि कागदी ताटल्या. पहिल्या वर्षी तिला वाटलं, नवी नवरी म्हणून लाड चाललेत. पुढे पुढे शंका यायला लागली. एकदा तिने नवऱ्याला स्पष्टच विचारलं, तर ल्युशस म्हणाला, "बर्फाला काय झालं? बर्फ नसेल तर चहा गरम प्यावा लागेल लोकांना." आणि जॉर्जियात मेकनच्या दक्षिणेला गरम चहा फक्त आजारी माणूस पितो.

रेनेटा दातांच्या दवाखान्यात कामाला होती. दाढ ठणकतेय म्हणून रडत येणाऱ्याला "पुढच्या गुरुवारी या" असं गोड आवाजात सांगायचं, हे तिचं काम. त्यामुळे थांबणं म्हणजे काय ते तिला चांगलं कळत होतं. पण थांबायलाही काही हद्द असते.

कोणी काय आणायचं हे ओझेला आत्या ठरवायच्या. ओझेला आत्या म्हणजे ल्युशसच्या वडिलांची थोरली बहीण. वय ऐंशीच्या पुढे, डोक्यावर चर्चची जांभळी टोपी, आणि आवाज असा की भिंतीवरचं घड्याळही दबकून चालावं. ऑक्टोबरातल्या एका रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर, त्यांच्या जेवणघरात सगळी मंडळी जमायची आणि थँक्सगिव्हिंगच्या जेवणाची आखणी व्हायची. आखणी म्हणजे आत्या बोलायच्या आणि बाकीचे माना डोलवायचे. कॉलर्डच्या पाल्याची भाजी आत्यांची स्वतःची. मॅकरोनी-चीज रेनेटाच्या नणंदेचं, व्हर्लीनचं. मक्याच्या पावाचं ड्रेसिंग, म्हणजे पक्ष्याच्या पोटात भरायचं सारण, क्लिओटा काकूंचं. साखरेतली रताळी, चवळी, घेवडा, सगळ्यांना आपापले मालक होते. एकदा पदार्थ मिळाला की तो मरेपर्यंत त्या माणसाचा. बढती व्हायची ती वरचं कुणी गेलं तरच.

आणि त्या वर्षी वरचं कुणीतरी गेलं होतं. आत्यांचे धाकटे भाऊ, थॅडियस काका, वसंतात वारले. सोफे आणि खुर्च्यांना नवी कापडं चढवण्याचा त्यांचा धंदा होता, चर्चच्या निम्म्या बाकांच्या गाद्या त्यांच्याच हातच्या. चर्चचे कारभारीही होते. पण घराण्यात त्यांचं नाव होतं ते टर्कीसाठी. थॅडियसची टर्की लोण्यासारखी मऊ, रसाळ, सुरी लावायच्या आत सुटणारी. दुसऱ्यांच्या घरची टर्की खाऊन आलेला प्रत्येक टॉलिव्हर घरी येऊन पाणी मागायचा आणि म्हणायचा, "छे, आपल्या थॅडियसची सर नाही."

बैठकीत आत्यांनी विचारलं, "टर्की कोण घेणार?"

व्हर्लीन टेबलक्लॉथवरचा डाग नखाने खरवडू लागली. घेवड्याचे मालक खिडकीबाहेर बघू लागले. टर्की घेणं म्हणजे जन्मभर थॅडियसशी तुलना करून घेणं, हे प्रत्येकाला कळत होतं. मेलेल्या माणसाच्या स्वयंपाकात मीठ कधी कमी पडत नाही.

रेनेटाने घसा खाकरला. "आत्या, मी म्हणत होते की यंदा मला एखादा पदार्थ मिळाला तर. साधा घेवडा दिलात तरी चालेल."

"घेवडा विल्बरचा आहे. विल्बरला काही झालंय?"

विल्बर घाईघाईने म्हणाला, "मी ठणठणीत आहे."

"मग घेवडा नाही," आत्या म्हणाल्या. त्यांनी रेनेटाकडे असं बघितलं, जसं खुर्चीचा हललेला पाय बघतात. "टर्की घेतेस?"

कुणीतरी ओठ दाबून हसलं. रेनेटाला वाटलं व्हर्लीन असणार.

"घेते," ती म्हणाली.

"ठीक. पण मी काही डोळे मिटून देणार नाही. आधी करून दाखव. नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी एक टर्की भाजून इथे आण. आम्ही चाखतो, मग बघू. आणि बर्फ तुझ्याकडेच राहील. त्याला दुसरं कुणी नाही."

घरी जाताना गाडीत ल्युशसने रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "अगं, थेट टर्की? मधे काहीतरी घ्यायचं होतंस. नुसता सॉस घ्यायचा."

"सॉस तुझ्या मावशीचा आहे."

"हो, तेही खरंच," ल्युशस म्हणाला.

रेनेटाने त्या टर्कीसाठी जिवाचं रान केलं. दोन दिवस मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली, कातडीखाली लोणी चोळलं, रोझमेरी खोचली, दर अर्ध्या तासाने रस वरून सोडला. टर्की अशी खरपूस तांबूस झाली की शेजारीण कुंपणापाशी येऊन वास घेऊन गेली. ल्युशसने मांडीचा एक तुकडा तोडून तोंडात टाकला आणि म्हणाला, "छान आहे." पण म्हणताना त्याने नजर दुसरीकडे वळवली.

रविवारी आत्यांच्या टेबलावर टर्की ठेवली. चाखायला आत्या, व्हर्लीन, ल्युशस आणि कोपऱ्यात थॅडियस काकांची विधवा क्लिओटा काकू, मांडीवर पर्स धरून, काळ्या पोशाखात. आत्यांनी टर्कीभोवती एक फेरी मारली.

"हा कुठला पक्षी?"

"टर्की, आत्या."

"नाही," आत्या म्हणाल्या.

रेनेटाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "टर्कीच आहे, आत्या. दुकानातल्या वेष्टनावर लिहिलं होतं."

"वेष्टनावर काय वाट्टेल ते लिहितात. हे पाय बघ. हे पक्ष्याचे पाय आहेत? हे फुटबॉल खेळणाऱ्याचे पाय आहेत." त्यांनी एक तुकडा कापून तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि शेवटी चहाच्या घोटाबरोबर गिळला. "व्हर्लीन, तू बघ."

व्हर्लीनने चाखलं. "ह्या पक्ष्याने आयुष्यभर व्यायाम केलेला दिसतो."

"ल्युशस?"

ल्युशसने बायकोकडे पाहिलं, आत्यांकडे पाहिलं, आणि दोघींच्या मधल्या मीठदाणीला उद्देशून म्हणाला, "थॅडियस काकांच्या टर्कीपेक्षा किंचित वेगळी आहे."

"आणि पाय दोनच?" आत्यांनी विचारलं. "बाकीचे कुठे गेले?"

"आत्या, टर्कीला दोनच पाय असतात."

"थॅडियसच्या टर्कीत पाय मागेल त्याला पाय मिळायचा. मला मिळायचा, विल्बरला मिळायचा, व्हर्लीनला मिळायचा. कधी कुणी नाराज होऊन उठलं नाही. तू काहीतरी स्वस्तातलं उचलून आणलंयस, सूनबाई. माझं म्हणणं वाईट वाटून घेऊ नकोस. थँक्सगिव्हिंगपर्यंत खरी टर्की आण, नाहीतर टर्की व्हर्लीनकडे जाईल आणि तू आपला बर्फ सांभाळ."

क्लिओटा काकू मात्र नुसती पर्सची कडी उघडत आणि मिटत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रेनेटा दवाखान्यातून घरी आली तर क्लिओटा काकू तिच्या पायरीवर बसलेल्या. शेजारी थॅडियस काकांची कामाची जुनी चामड्याची पिशवी.

"ल्युशस आहे घरात?" त्यांनी विचारलं.

"उशिरा येईल. का, काकू?"

"चांगलं झालं. आत चल. आणि पोरी, आधी मला सांग, तुला शिवता येतं?"

स्वयंपाकघरात काकूंनी पिशवी उघडली. आतून वाकड्या सुया निघाल्या, गाद्या शिवायच्या, चंद्रकोरीसारख्या. मग जाड सुती दोऱ्याची रिळं. आणि सगळ्यात शेवटी तारेचा एक सांगाडा, होडीच्या आकाराचा, ठिकठिकाणी भाजून काळा पडलेला.

"हे काय आहे?" रेनेटाने विचारलं.

"टर्की," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी हकिगत सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका थँक्सगिव्हिंगच्या सकाळी थॅडियस उठले आणि बघतात तर टर्की बर्फातून काढायला विसरलेले. दगड झाला होता नुसता. हातोडीने मारलं तर हातोडीचा दांडा मोडला. घरात तीन कोंबड्या होत्या, रविवारी चर्चच्या जेवणासाठी आणलेल्या. थॅडियस काही वेळ त्या कोंबड्यांकडे बघत उभे राहिले, आणि मग कारखान्यात जाऊन सुया घेऊन आले.

"मी म्हटलं, अहो, हे काय करताय? तर म्हणाले, क्लिओटा, दोन खुर्च्यांचा एक सोफा मी चाळीसदा केलाय. हे त्यातलंच आहे." काकूंनी सांगाड्यावरून बोट फिरवलं. "मधे एक कोंबडी, छाती वर. दोन्ही बाजूंना एकेक, कुशीवर. पोटात आणि फटींमध्ये माझं ड्रेसिंग ठासायचं. वरून कातडी ओढून घ्यायची आणि शिवून टाकायची. भोवती कॉलर्डची पानं रचली की झालं. प्रार्थनेपुरती टेबलावर ठेवायची आणि कापायला स्वयंपाकघरात न्यायची, दार लावून."

"आणि कुणाला कळलं नाही?"

"कळलं? ओझेला म्हणाली, आयुष्यात अशी टर्की खाल्ली नाही."

"ते खरंच होतं."

"हो ना. पुढच्या वर्षी थॅडियसने खरी टर्की केली. मुकाट्याने, सगळं नीट. ओझेलाने एक घास घेतला आणि विचारलं, हा कुठला पक्षी. घरी येताना गाडीत रडला गं तो. एवढा मोठा माणूस. त्यानंतर त्याने पुन्हा खऱ्या टर्कीला हात लावला नाही."

रेनेटा खुर्चीत बसली. "पण काकू, हे खोटं आहे."

"खोटं कसं? कुणी कधी विचारलंय का की थॅडियस, ह्या कोंबड्या आहेत का? विचारलं असतं तर सांगितलं असतं. चर्चचा कारभारी होता तो." मग त्यांनी हात पुढे करून दाखवला. "खरं सांगू का, माझ्या हाताला कंप सुटलाय. सुई धरता येत नाही. नाहीतर मीच केली असती. काल तुझ्या टर्कीला नावं ठेवली तेव्हा मला वाटलं, म्हणजे आता त्याची टर्की गेलीच. तो गेला तेव्हा जेवढं वाटलं नाही, तेवढं काल वाटलं."

रेनेटाने सांगाडा उचलून हातात घेतला. हलका होता. एका तारेवर थॅडियस काकांनी पट्टीने इंचांच्या खुणा केल्या होत्या.

त्या आठवड्यापासून दोघींचं शिवण सुरू झालं. काकू खुर्चीत बसून सांगायच्या, रेनेटा शिवायची. पहिली टर्की ओव्हनमध्ये उसवली आणि मधली कोंबडी वाफेने उठून बसली. दुसरी एका बाजूला इतकी कलली की काकू म्हणाल्या, "ही टर्की नाही, दारू प्यायलेला माणूस आहे." तिसऱ्या खेपेला ल्युशस वेळेआधी घरी आला. ओट्यावर तीन कोंबड्या मांडलेल्या, टाचण्या टोचलेल्या, आणि बायकोच्या तोंडात दोऱ्याचं टोक.

रेनेटाने दोरा तोंडातून काढला आणि सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, एका कोंबडीची तंगडी त्याच्याकडे बोट दाखवल्यासारखी उभी होती.

ल्युशस खुर्ची ओढून बसला. "म्हणजे मला टर्की आवडत नाही?"

"आवडते रे तुला."

"नाही. मला कोंबडी आवडते. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, मी टर्कीचा माणूस आहे. कामावर गॅरेजात त्यावरून माझी दोनदा मारामारी झालीय." त्याने हातांनी तोंड झाकलं. "मला हे सांगायला नको होतंस, रेनेटा."

"तूच दार उघडून आत आलास."

"माझ्याच घरात आलो. ती माझी चूक." तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. "डावीकडची जरा खाली बसलीय. उचलून घे."

थँक्सगिव्हिंगला आत्यांच्या घरी तीस-बत्तीस माणसं जमली. दोन खोल्यांतून टेबलं जोडून लावलेली, अंगणात खुर्च्या, टीव्हीवर सामना. व्हर्लीनचं मॅकरोनी-चीज आलं, रताळी आली, चवळी आली, विल्बर घेवडा घेऊन ठणठणीत चालत आला. रेनेटाने आधी बर्फ उतरवला आणि मग टर्की. कॉलर्डच्या पानांच्या बिछान्यावर ती अशी बसली होती, तांबूस, गुबगुबीत, की टीव्हीसमोरची माणसंही उठून बघायला आली. क्लिओटा काकूंनी चष्मा काढून पुसला.

आत्यांनी वाकून वास घेतला. बोटाने कातडी दाबली. "ही," त्या म्हणाल्या, "टर्की आहे."

व्हर्लीनचं तोंड कडू झालं. सतरा वर्षांत पहिल्यांदा रेनेटाला या घरात भूक लागल्यासारखं वाटलं. प्रार्थना झाली. थॅडियस काकांचं नाव निघालं, चार जणांनी डोळे टिपले. रेनेटाने टर्कीच्या ताटाला हात घातला. "मी आत जाऊन कापून आणते."

"थांब," आत्या म्हणाल्या. "यंदा इथेच कापायची. सगळ्यांसमोर. आपल्याकडे पाहुणा आहे."

पाहुणा म्हणजे रॉडरिक. आत्यांची नात शनीस हिचा होणारा नवरा, येत्या वसंतात लग्न. लांबट मानेचा, चष्म्याचा, फार हळू बोलणारा तरुण. तो जनावरांचा डॉक्टर होता, आणि जनावरांतही पक्ष्यांचा. उत्तर जॉर्जियातल्या कोंबड्या आणि टर्कींच्या फार्मांवर जाऊन पक्षी तपासणं हाच त्याचा रोजचा उद्योग.

"पक्ष्यांचा डॉक्टर घरात असताना टर्की बायकांनी कापायची हे बरं दिसत नाही," आत्या म्हणाल्या आणि सुरी त्याच्या हातात दिली.

रेनेटाने क्लिओटा काकूंकडे बघितलं. काकूंनी पर्सची कडी उघडली आणि मिटली. ल्युशस उठला आणि बाथरूममध्ये जाऊन बसला.

रॉडरिकने सुरी लावली. सुरी आत गेली आणि थबकली. त्याने वाकून बघितलं, दोन बोटं आत घातली आणि दोऱ्याचा लांबलचक तुकडा बाहेर काढला. त्या दोऱ्याकडे तो क्षणभर बघत राहिला, मग हळूच कोटाच्या खिशात टाकला. वर पाहिलं तेव्हा त्याची नजर रेनेटाच्या नजरेला भिडली. रेनेटाला वाटलं, आपला चेहरा आता एक्स-रेसारखा दिसत असणार.

"पाय मला," आत्या ताट पुढे करून म्हणाल्या.

रॉडरिकने पाय दिला. विल्बरने ताट पुढे केलं, त्याला दुसरा पाय दिला. मग शनीसच्या आईने ताट पुढे केलं. रॉडरिकने सुरी खाली ठेवायला घेतली, पण तेवढ्यात त्याला पानांखाली आणखी एक पाय दिसला. तो त्याने दिला. चौथा मिळाला, तोही दिला. तो आता सरकारी कचेरीतला माणूस टपाल वाटतो तसा, मान खाली घालून, पाय वाटत होता.

पाचवा पाय बाहेर आला तेव्हा व्हर्लीन म्हणाली, "आत्या, मला एक सांगा. टर्कीला पाय किती असतात?"

शेजारच्या खोलीत कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला.

आत्यांनी हातातला पाय ताटात ठेवला. "डॉक्टर. सांग हिला."

रॉडरिकच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "आजी, सर्वसाधारणपणे दोन."

"सर्वसाधारणपणे," आत्या म्हणाल्या. "तू रोज किती टर्की बघतोस?"

"शेकड्यांनी."

"त्यातल्या टॉलिव्हरांच्या घरच्या किती?"

"ही पहिलीच."

"मग?"

रॉडरिकने टेबलावरच्या पक्ष्याकडे बघितलं. फार प्रामाणिक मुलगा होता. "हिला सहा आहेत," तो म्हणाला. "एक अजून आत आहे."

"ऐकलंस, व्हर्लीन?" आत्या म्हणाल्या. "माझा भाऊ चर्चचा कारभारी होता. दर थँक्सगिव्हिंगला त्याने ह्या टेबलावर सहा पाय ठेवले. आता तुझं म्हणणं काय, की माझा मेलेला भाऊ इतकी वर्षं आम्हाला खोटी टर्की खाऊ घालत होता?"

व्हर्लीनने ओठ चावला. "असं कोण म्हणतंय?"

रेनेटाला टर्की मिळाली, मान मिळाला, सगळं खरं. पण ज्याला या घरात अजून पाटही मिळाला नव्हता अशा एका पोराला तिच्यापायी आपल्या विद्येचं नाक कापून द्यावं लागत होतं. ते तिला बघवेना. ती उठली. काकूंनी तिचा ॲप्रन धरून खाली ओढला, पण ती उठलीच.

"आत्या, ही टर्की नाही. तीन कोंबड्या आहेत. मी शिवल्यात. गाद्या शिवायच्या सुईने."

विल्बर हसायला लागला. मग शनीसची आई. मग बत्तीस माणसं हसली. व्हर्लीनसुद्धा हसली, आणि ते हसणं तिला आवरेना.

आत्यांनी हात वर केल्यावर हसणं थांबलं. त्यांचा चेहरा मऊ झाला होता. रेनेटाने सतरा वर्षांत तो तसा बघितला नव्हता. "सूनबाई," त्या म्हणाल्या, "माणसाने विनय ठेवावा, पण इतका ठेवू नये. थॅडियसही असाच होता. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी माझा हात धरून हेच म्हणाला. ओझेला, त्या कोंबड्या होत्या. मी म्हटलं, निवांत पड बाबा, ताप चढलाय तुला. हाताला यश असलेली माणसं अशीच असतात. बस. जेव."

रेनेटा बसली. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. रॉडरिकने सहावा पाय काढून व्हर्लीनच्या ताटात ठेवला आणि व्हर्लीनने तो हाडापर्यंत साफ केला. बाथरूममधून ल्युशस आला तेव्हा पाय संपले होते, त्याला छातीचा तुकडा मिळाला. तो खाली मान घालून जेवला आणि दोनदा मागून घेतला.

जेवणं झाल्यावर रेनेटा आणि क्लिओटा काकू स्वयंपाकघरात सांगाडा घासत होत्या. काकूंनी जेवताना एकच घास खाल्ला होता, बाकीचं कागदी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं होतं.

"कशी झाली होती, काकू?" रेनेटाने विचारलं. "खरं सांगा."

"थॅडियस दोरा जरा जास्त ओढायचा," काकू म्हणाल्या. "पण झाली होती. तीच होती." आणि त्यांनी नळ मोठा सोडला, म्हणजे पुढचं काही ऐकू येऊ नये.

तेवढ्यात दारातून आत्या आत डोकावल्या. रेनेटाने सांगाडा घाईने साबणाच्या फेसात बुडवला. "वसंतात लग्न झालं की रॉडरिकचे आईवडीलही येतील जेवायला," आत्या म्हणाल्या. "त्याच्या आईला पायच आवडतो म्हणे, आणि बापालाही. पुढच्या वेळी जरा मोठी घे, सूनबाई. आठ पायांची. महाग पडली तरी चालेल." आणि त्या गेल्या.

त्यांच्या मागे रॉडरिक उभा होता. त्याने दार लोटून घेतलं, खिशातून तो दोरा काढला आणि दिव्याखाली धरला.

"वहिनी, हा टाका कुठला?"

"गादीचा," रेनेटा म्हणाली. "रॉडरिक, माझ्यामुळे तुला तिथे सगळ्यांसमोर..."

"काही नाही हो. मी बघितलं तेच सांगितलं." त्याने दोरा बोटांत फिरवला. "टाका पक्का आहे, पण वरून दिसतो. आम्ही पक्ष्यांना आतून घालतो, बाहेर खूणही राहत नाही. पुढच्या वर्षी मी आदल्या दिवशी येईन, तुम्हाला चालणार असेल तर."

रेनेटाने काकूंकडे बघितलं. काकू विचार करत होत्या.

"टाके थॅडियसचेच राहतील," त्या शेवटी म्हणाल्या. "पण ही चौथी कोंबडी कुठे बसवायची ते मात्र तू सांग. तुला आतलं माहीत आहे."

रॉडरिकने बाह्या वर सारल्या. फेसातून सांगाडा काढून ओट्यावर ठेवला, पुसला, उलटा केला, सुलटा केला. मग तिघंही त्यावर वाकली आणि चौथी कोंबडी उताणी निजवायची की पालथी, यावर हळू आवाजात वाद सुरू झाला. बाहेरून कुणीतरी चहासाठी बर्फ मागत होतं, पण आत कुणाचं लक्ष नव्हतं. रॉडरिकचं म्हणणं पालथी, म्हणजे भार नीट पेलतो. काकूंचं म्हणणं उताणी, कारण पालथी कोंबडी रुसल्यासारखी दिसते. रेनेटा दोघांचं ऐकत तारेवरच्या इंचांच्या खुणा मोजत होती.